आबांनी चपला सोडल्या

दहावीच्या वर्गाला ‘गिव्ह अप’ शिकवायची वेळ आली की मी हल्ली फळ्यावर एकच वाक्य लिहिते. त्याने सिगारेट सोडली. पोरं लिहून घेतात आणि मी पुढच्या शब्दाकडं जाते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी या दोन शब्दांवर मी अख्खा तास घालवायचे. एक साधं क्रियापद घ्यायचं, त्याला एवढासा शब्द चिकटवायचा आणि मग त्यातून हवं ते काढत बसायचं, ही इंग्रजीची खोड मला फार आवडायची. व्यसन सोडलं तरी गिव्ह अप, बसमध्ये म्हाताऱ्याला जागा दिली तरी गिव्ह अप, चोर आपणहून चौकीत हजर झाला तरी तेच, गणित सुटेना म्हणून वही मिटली तरी तेच, आणि डॉक्टरांनी पेशंटची आशा सोडली तरी तेच. मी पोरांना विचारायचे, आपल्याकडं यातल्या एकेकाला काय म्हणाल? मग कुणी हार मानणं म्हणायचं, कुणी हात टेकणं, कुणी पाणी सोडणं. वर्गात गलका व्हायचा. आतून आई ओरडायची, “अगं, शिकवतीयास का भांडाण लावून देतीयास?”

माझं सासर आणि माहेर दोन्ही मंगळवार पेठेतच, मधे दोन गल्ल्या. लग्नानंतरही मी शिकवणी माहेरच्या सोप्यातच चालू ठेवली. सोपा म्हणजे रस्त्याकडची पुढची खोली. तिच्या मागं एक खोली आणि त्यामागं स्वयंपाकघर, एवढंच घर. आई, आबा आणि माझा धाकटा भाऊ तिथं राहायचे. आबा वारणानगरला साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यावर पेठेत परत आले. धाकट्याचं दुचाकीचं गॅरेज होतं. त्याचं लग्न जमत नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. आईला मात्र वाटायचं.

आबांच्या पायात कायम जाड तळाच्या, चालताना कर्रकर्र वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला. आबा गल्लीच्या तोंडाशी आले की घरात कळायचं. धाकटा लगेच मोबाइल खिशात टाकायचा, मी आवाज चढवून शिकवायला लागायचे आणि आई चहाचं आधण वाढवायची. आधण एरवीही गॅसवर असायचंच. आई चहाबाज. कपात तिचं भागायचं नाही, तिला स्टीलचा पेला लागायचा. तोंड पोळेल इतका गरम आणि हात सैल सोडून साखर घातलेला चहा ती उभ्या उभ्या संपवायची.

धाकटा एका मित्राची बंद पडलेली गाडी बघायला गगनबावड्याला गेला होता. परत येताना धुक्यात त्याची मोटारसायकल घसरली आणि डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. दवाखान्यात तो बरेच दिवस होता. शेवटी डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून स्वच्छ मराठीत सांगितलं, “जिवाचा धोका टळलाय. पण हा उठेल, बोलेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही.” आई खाली बघत राहिली. आबांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं दवाखान्यातच ठेवून ते घरी आले.

धाकट्याला मधल्या खोलीत ठेवलं. नाकात नळी, डोळे उघडे. डोळ्यांसमोर हात नेला तरी पापणी लवायची नाही. त्याच आठवड्यात आबा ज्योतिबाच्या डोंगरावर जाऊन आले. आले ते आवाज न करता आले. मी शिकवत होते, मान वर केली तर आबा दारात उभे. पाय धुळीनं भरलेले आणि हातात कागदात गुंडाळलेल्या चपला.

“पोरगं पायावर हुबं ऱ्हाईपतोर माज्या पायात चप्पल न्हाय,” ते म्हणाले. चपला त्यांनी खुंटीला अडकवल्या आणि आत गेले.

यात आम्हाला नवल वाटलं नाही. आमच्या पेठेत घरटी कुणी ना कुणी काहीतरी सोडलेलं असतं. समोरच्या काकूंनी काशीला जाऊन गवार सोडली, जी त्यांना जन्मात कधी आवडली नव्हती. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं तंबाखू सोडली ती फक्त सोमवारची. माझ्या सासूबाईंनी नातू व्हावा म्हणून दही सोडलं आणि नात झाल्यावर मुकाट्यानं परत धरलं. नवस बोलायचा, काहीतरी सोडायचं, काम झालं की फेडायचा, यात आम्ही सगळेच मुरलेले. शिवाय अनवाणी राहणारे गल्लीत आणखीही होते. पण आबांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

शिकवणी मी बंद करणार होते. आत माणूस असा पडलेला आणि बाहेर पोरांचा कालवा, मला ते बरं दिसेना. आईच म्हणाली, “चालू ठेव. गलका ऐकून डोळं तरी हलवंल.” मग पोरं मुद्दाम मोठ्यानं म्हणायला लागली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरांना कळतं. भिंतीपलीकडं धाकटा आणि अलीकडं वीस-पंचवीस गळे. भूतकाळ म्हणा, प्रश्नार्थी वाक्य म्हणा, सगळं बेंबीच्या देठापासून चाललेलं असायचं. तो काही हलला नाही.

त्या वर्षी गिव्ह अपवर वाक्यं करायला सांगितली, तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “माय टीचर्स फादर गेव्ह अप चप्पल्स.” सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मुलीला वाटलं, चुकलं. मी म्हटलं, बरोबर आहे, बस खाली. सोप्याच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. बर्फाच्या कड्याला लोंबकळणारा माणूस आणि खाली ठळक अक्षरांत ‘नेव्हर गिव्ह अप’. आबांनी एकदा विचारलं होतं, काय लिवलंय? मी सांगितलं, कधी हार मानू नका. “बराबर हाय की,” म्हणाले. त्यानंतर आत जाताना ते त्या माणसाकडं एकदा बघून जायचे.

एक दिवस सोप्याच्या फरशीवर मला लाल ठिपके दिसले. दारापासून आत धाकट्याच्या खोलीपर्यंत गेलेले. आबा त्याच्या उशाशी बसून त्याला गॅरेजमधल्या गोष्टी सांगत होते. तळपायात काचेचा तुकडा रुतला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. साखरेनं पायातली जाणीव गेली होती. ती जखम भरली नाही. आधी चिघळली, मग करंगळीशेजारचं बोट काळं पडलं आणि काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, “आबा, आज बोटावर भागलं. पुन्हा असे हिंडलात तर पाऊल जाईल आणि तेवढ्यावरही थांबेल असं नाही. घरातसुद्धा चप्पल पाहिजे.”

“जाऊ द्या की,” आबा म्हणाले. “त्याचं दोन्ही गेल्यात.”

घरी आल्यावर मी ते पोस्टर काढलं आणि चुरगाळून टाकलं. दुसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, “कागद कुठं गेला गं?” मी म्हटलं, फाटला. “दुसरा आण,” म्हणाले. मी आणला नाही.

साखरेच्या पेशंटसाठी मिळतात तसल्या मऊ तळाच्या चपला मी आणल्या. बंदाला चिकटपट्टी, दिसायला बेंगरूळ. आबांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. बँडेज बांधलेल्या पायानं ते घरभर आणि दारात हिंडत राहिले. बरं वाटलं की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. मी रागावले, रडले, बोलणं टाकलं. माझा राग पेठेत सगळ्यांना माहीत आहे, पण आबांच्या पुढं तो चालला नाही. शेवटी मीच ज्योतिबाला गेले. तिथल्या गुरवांना सगळं सांगितलं. म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “नवस बदलून घेता येतोय, बाई. चांदीची पावलं वाहा, नारळ ठेवा, देवाला सांगा माणूस थकलाय म्हणून. देव समजून घेतोय.” मी तिथंच पायरीवर बसून रडले. सुटलो असं वाटलं.

घरी येऊन मी आबांना हे सांगितलं, तेव्हा ते धाकट्याच्या पायाला तेल चोळत होते. चोळता चोळताच म्हणाले, “देव घील समजून. ह्याला कोण समजावणार?”

“म्हणजे?”

“म्या चप्पल घातली म्हंजे ह्याला सोडला. बापानंच सोडला तर पोरगं कुणाच्या जिवावर उठंल?”

आता यावर काय बोलायचं? मी तरी बोलले. तुम्ही अनवाणी फिरलात म्हणून तो उठणार आहे का, असं ओरडून बोलले. सोप्यात पोरं आली होती, त्यांनी ऐकलं. आबांनी तेलाची वाटी खाली ठेवली, धाकट्याच्या पायावर चादर ओढली आणि मला म्हणाले, “जा, वर्ग घे.”

आई या सगळ्यात कुठंच नव्हती. म्हणजे घरात होती, पण तिला बोलायला सवड नव्हती. दिवसातून कितीदा तरी धाकट्याला या कुशीवरून त्या कुशीवर करायचं, पुसायचं, नळीतून पेज घालायची, कपडे बदलायचे. मी मदतीला जायचे, पण दिवसभराचा सगळा भार तिच्यावरच. तिचा चहाही बंद झाला होता. पित्त हुतंय म्हणाली, आम्ही मान डोलावली. एवढी चहाबाज बाई चहा सोडते आणि आम्ही तिला दुसऱ्यांदा विचारतही नाही, इतके आम्ही आबांच्या पायात अडकलो होतो.

मग एका दुपारी ते झालं. आबांच्या जखमेतून पुन्हा पाणी यायला लागलं होतं. मी त्या बेंगरूळ चपला घेऊन मधल्या खोलीत गेले आणि उंबऱ्यावर बसलेल्या आबांपुढं ठेवल्या. त्यांनी हातानं बाजूला सारल्या. आई धाकट्याला कुशीवर करून त्याच्या पाठीची जखम धूत होती. पडून पडून माकडहाडापाशी खड्डा पडला होता. आमच्याकडं न बघताच ती म्हणाली, “म्याबी नवस केलाय.”

आबांनी मान वर केली. “कसला?”

“ह्याला सोडीव म्हणून.”

“बरा कर म्हणून?”

“न्हाय. ने म्हणून.”

आबांना ते लगेच समजलं नाही. मला समजलं, आणि मला माझ्या आईची भीती वाटली. ती कापूस बदलत राहिली.

“आंबाबाईला सांगितलंय. ह्याची सुटका हुईपतोर चा न्हाय. पित्तबित्त कायबी न्हाय मला.”

“कवापासनं?” आबांनी विचारलं.

“दिवाळीपासनं.”

“आणि मला न्हाय सांगितलंस?”

“तुमी चपला सोडल्या तवा मला इचारलंतं व्हय?” आई पहिल्यांदा वळली. “तुमी रस्त्यानं पाय झिजवतासा, लोकं म्हणत्यात काय बाप हाय. पोराची पाठ मी धुती. हितं किती कापूस जातोय, या, बगा येकदा. त्यो कण्हतसुदीक न्हाय. तुमी ज्योतिबाला सांगताय ठेव, मी आंबाबाईला सांगती ने. देवांनी काय करायचं, तुमीच सांगा.”

आबा उठले नाहीत. जखम बघायला गेले नाहीत. उंबऱ्यावर तसेच बसून राहिले. पोरं यायची वेळ झाली तशी मी सोप्यात गेले आणि काय शिकवलं ते मला आठवत नाही. आईबद्दल मला घृणा वाटत होती हे मी लपवणार नाही. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. कुणीतरी ते बोललं, आणि ते मला बोलावं लागलं नाही, याचं बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर आबा मधल्या खोलीत खाटेच्या पायथ्याशी उभे होते. पायात त्या चपला. पट्ट्या नीट लागल्या नव्हत्या, एक बंद लोंबत होता. ते धाकट्याशी बोलत होते. “घातल्या बाबा,” म्हणाले. “बग. घातल्या.” मी बाहेरच थांबले.

पाय हळूहळू भरत आला. आबांनी मग एक दिवस स्वतः चहा केला. आयुष्यात पहिल्यांदा गॅसपुढं उभे राहिले असतील. पेला भरून आईपुढं ठेवला आणि म्हणाले, “म्या घातल्या की चपला. आता तू घे.”

“तुमी तुमचं बगा,” आई म्हणाली. तिनं पेल्याला हात लावला नाही. साय धरेपर्यंत आबा तिथं बसले, मग त्यांनी तो मोरीत ओतला. मला तेव्हा कळलं की माझ्या घरात हट्टी माणूस एकच नव्हता. आबांनी आपला नवस सोडला होता. आई आपला सोडायला तयार नव्हती, आणि तिनं तो का धरून ठेवलाय हे आबांना माहीत असूनही दोघं एकाच ताटलीतली भाकरी मोडून खात होते. त्या घरात शिकवायला बसणं मला जड जायला लागलं.

देवांनी दोघांपैकी कुणाचंच लगेच ऐकलं नाही. पावसाळा गेला, सणवार गेले. धाकटा तसाच. मग छातीत कफ झाला, ताप आला, उतरला, पुन्हा आला. दवाखान्यात न्यायचं का, यावर आबांनी आईकडं बघितलं आणि आईनं माझ्याकडं. डॉक्टरच घरी येऊन गेले आणि त्यांनी जाताना आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळचा वर्ग चालू होता. पोरं नेहमीसारखी तारस्वरात धडा म्हणत होती. आई मधल्या दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत होती. “पोरांनो, आज घरला जावा,” म्हणाली. “आवाज करू नगा.” त्या घरात आवाज करू नका असं त्या पोरांना कधीच कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी दप्तरं उचलली आणि चपला हातात घेऊन एकेक करत बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं. भावाला बायको नाही, पोर नाही, त्यामुळं मडकं धरायला आबाच. मडकं धरणाऱ्यानं अनवाणी चालायचं असतं. भावकीतले म्हणाले, आबा, पाय तसला, चप्पल असू द्या, देव काय म्हणत न्हाय. कुणी म्हणालं, गाडीतनं चला. आबांनी वाकून चपलांच्या पट्ट्या सोडल्या आणि त्या उंबऱ्याशी जोडीनं ठेवल्या. पंचगंगेच्या घाटापर्यंत ते चालत गेले. आम्ही बायका घरीच. चूल पेटवायची नव्हती. शेजारच्या काकू मोठ्या किटलीत चहा घेऊन आल्या, सगळ्यांना दिला. आईपुढं पेला धरला तर ती म्हणाली, “थांब जरा.” काकूंना वाटलं, घशाखाली उतरत नसेल.

पुरुष परत आले तेव्हा ऊन वर आलं होतं. मी आबांच्या पायावर पाणी घातलं, तळवे बघितले. माती होती, रक्त नव्हतं. चपला पुढं केल्या, त्यांनी पाय घातले. मग ते आत येऊन आईशेजारी भिंतीला टेकून बसले. रिकाम्या खाटेकडं दोघांपैकी कुणीच बघत नव्हतं.

“झालं?” आईनं विचारलं.

“झालं.”

आई काकूंकडं वळली. “दे चा.”

काकूंनी पेला भरला. निवत आलेला, बाहेरच्या घरचा चहा. आईनं तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात प्यायली, पेला पुढं केला, दुसरा घेतला. बायका हळू आवाजात म्हणाल्या, धीराची हाय बाई. एकजण म्हणाली, कालपासनं पोटात काय न्हाय तिच्या. मी तोंडात पदर कोंबला. त्या पेल्यात काय होतं हे त्या खोलीत आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि आबा तिच्याकडं एकटक बघत होते. आता हे काय बोलतील, याची मला भीती वाटत होती.

“साखर बरी हाय का?” आबांनी विचारलं.

आईनं पेला खाली ठेवला. 

“कमी हाय,” ती म्हणाली.